गढूळपणाचा आकडा चढला म्हणजे प्लवक वाढलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही खाडीत पाच ठिकाणी महिन्यातून दोनदा मोजमापं घेता. हाताशी गढूळपणा मोजणारा मीटर, दोरीने सोडायचा छोटा क्लोरोफिल सेन्सर आणि सेक्की तबकडी (पाणी किती खोलवर आरपार दिसतं ते बघायला दोरीने सोडायची चकती) आहे. गढूळपणा आणि क्लोरोफिल बरोबरीने चढतात-उतरतात, सहसंबंध ०.८ येतो. मग नुसत्या गढूळपणावरून वनस्पती प्लवकाचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, अंदाज बांधता येईल का? आणि उपग्रहाचं क्लोरोफिल तुमच्या बाटलीतल्या क्लोरोफिलच्या तिप्पट का येतं?

पहिल्या भागाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तेवढ्यावर सोडलं तर तुमच्यावर अन्याय होईल, कारण तुमचा सहसंबंध खोटा नाही. तो कशामुळे आला हे शोधणं म्हणजेच तुमचा प्रकल्प. प्रकाश कण मोजत नाही. पाण्यातून जाताना प्रकाशाचं काय झालं एवढंच आपल्याला कळतं, आणि त्याला चिखल, प्लवक, विरघळलेला रंग आणि खुद्द पाणी असे चौघे एकाच वेळी कारण असतात. म्हणून किनाऱ्यालगत अडचण मोजण्यापेक्षा वाटणीची जास्त असते: आलेल्या आकड्यात कोणाचा वाटा किती? गेली वीसेक वर्षं कोकणातल्या खाड्यांत आणि त्यांच्या मुखाशी मी याच वाटण्या करत आले आहे. तुमची खाडी अरुंद आहे की पसरट, काठाला खाजण आणि कांदळवन किती, वर नदीवर धरण आहे का, यावर तपशील बदलतील. जिथे बदलतात तिथे सांगत जाईन.

आधी एक घरचा प्रयोग करा. काचेचे तीन पेले घ्या. एकात कोरा चहा, दुसऱ्यात पाण्यात दुधाचे आठ-दहा थेंब, तिसऱ्यात हिरवी चटणी भरपूर पाणी घालून. तिन्हींच्या मागे वर्तमानपत्र धरा. चहातून अक्षरं काळपट दिसतात, पण वाचता येतात. चहा प्रकाश गिळतो, त्याची दिशा बिघडवत नाही. दुधाच्या पेल्यात फारसा प्रकाश हरवत नाही, पेला उलट पांढरा उजळ दिसतो, पण अक्षरं पुसली जातात, कारण प्रकाश सगळीकडे विखुरला. चटणीच्या पेल्यात दोन्ही घडतं. पाण्याच्या प्रकाशविज्ञानातले शोषण आणि विखुरणं हे दोन मूळ शब्द एवढ्यात कळतात. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि कांदळवनातून झिरपणारा विरघळलेला पिवळा रंग म्हणजे चहा. बारीक खनिज गाळ बराचसा दुधासारखा. प्लवक चटणीसारखं. आणि खाडी म्हणजे तिन्ही पेले एका बादलीत ओतलेले.

खुल्या समुद्रात हे सोपं पडतं. तिथे प्लवक हाच कर्ता. विरघळलेला रंग आणि मेलेले कण त्याच्याच मागोमाग वाढतात, म्हणून एका आकड्यावरून बाकीचे काढता येतात. मोरेल आणि प्रियूर यांनी १९७७ मध्ये समुद्राच्या पाण्याचे पहिला आणि दुसरा असे दोन प्रकार मांडले ते याच फरकावर. दुसऱ्या प्रकारच्या पाण्यात गाळ नदी आणि भरती-ओहोटी ठरवते, पिवळा रंग पाऊस आणि कांदळवन ठरवतं, प्लवक ऊन आणि पोषकद्रव्यं ठरवतात. तिघांचे धनी वेगळे. तुमची खाडी या दुसऱ्या प्रकारातली आहे.

आता तुमचा गढूळपणाचा मीटर. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनवलेला असेल तर तो ८६० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश सोडतो आणि ९० अंशांत विखुरलेला प्रकाश पकडतो. पांढऱ्या दिव्याचे जुने मीटर वेगळे. मॅन्युअलमध्ये एकक एफएनयू आहे की एनटीयू ते बघा, दोन्ही आकडे एका तक्त्यात मिसळू नका. अवरक्त प्रकाश मुद्दाम निवडलेला आहे, कारण तिथे पाण्याचा पिवळा रंग आणि क्लोरोफिल जवळजवळ काहीच शोषत नाहीत. म्हणजे हा मीटर हिरवेपणाबद्दल आंधळा आहे, आणि तो तसा असावा अशीच त्याची रचना आहे. त्याच्याकडून प्लवकाची बातमी मागणं म्हणजे वजनकाट्याला भाजी ताजी आहे का विचारण्यासारखं आहे.

त्यातही त्याचा कल गाळाकडे असतो. पाण्याच्या तुलनेत प्लवकाच्या पेशीचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळेल ते सांगणारा आकडा) साधारण १.०२ ते १.०७, कारण पेशी म्हणजे बरंचसं पाणीच. खनिज कणाचा १.१५ ते १.२०. त्यामुळे पेशी प्रकाशाला थोडंसं वळवून पुढे सोडतात, मागे फार कमी फेकतात. विखुरलेल्या एकूण प्रकाशापैकी मागे जाणारा भाग पेशींच्या बाबतीत एक टक्का किंवा त्याहून कमी, खनिज कणांच्या बाबतीत दोन-तीन टक्के. मुठीएवढ्या चिखलाने जो आकडा उठतो तो उठवायला प्लवकाचा मोठा बहर लागतो.

दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. तेवढ्याच वजनाचा गाळ २० मायक्रोमीटरऐवजी २ मायक्रोमीटरच्या कणांचा असेल तर प्रकाशासमोर येणारं क्षेत्रफळ दहापट होतं. मीटर क्षेत्रफळ बघतो, वजन नाही. शिवाय नदीचं गोडं पाणी खाऱ्याला भिडलं की चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून पोकळ पुंजके बनतात आणि हे गणित पुन्हा बदलतं. तुम्ही बाटली जोरात हलवली किंवा पंपाने पाणी ओढलं तर पुंजके फुटतात आणि तेच पाणी वेगळा आकडा देतं. म्हणून फॉर्माझिनने (मीटर जुळवायच्या ठरावीक गढूळ द्रावणाने) नीट जुळवलेला मीटरसुद्धा तुमच्या खाडीतल्या गाळाचे मिलिग्रॅम आपोआप सांगत नाही. ते नातं तुमच्याच पाण्याने आणि ऋतू बदलला की पुन्हा काढावं लागतं.

क्लोरोफिलचा सेन्सर प्लवकाच्या जास्त जवळचा आहे, पण त्याचेही हट्ट आहेत. तो निळा प्रकाश मारतो, बहुतेकांत ४७० नॅनोमीटरचा, आणि क्लोरोफिलने परत सोडलेला ६८० ते ६९५ च्या आसपासचा लाल प्रकाश टिपतो. हा फ्लुओरेसन्स पेशीत क्लोरोफिल किती आहे यावर जसा अवलंबून, तसाच ती पेशी त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे यावरही. भर दुपारच्या उन्हात वरच्या थरातल्या पेशी जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देतात आणि फ्लुओरेसन्स दबतो. क्लोरोफिल तेवढंच असतं, आकडा मात्र पडतो. पिवळा रंगही थोडा चमकतो, त्याची भर पडते. आणि जाती बदलल्या की तेवढ्याच क्लोरोफिलला चमक वेगळी येते. कारखान्यातून आलेला गुणक खाडीला जसाच्या तसा लावू नका.

तुमच्या ०.८ बद्दल मी सावध का आहे, ते एका दिवसावरून सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दाभोळच्या खाडीत, धोपाव्याच्या फेरीबोटीच्या वाटेपासून जरा आत, नांगर टाकून १३ तास बसलो होतो. पौर्णिमेचा दुसरा दिवस. सकाळी सहाच्या सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला सुरुवात, दर अर्ध्या तासाने सेन्सर खाली-वर, दर तासाला बाटली. दुपारी बाराच्या सुमारास भरती पूर्ण झाली, पाणी हिरवट निवळलं, दोन्ही आकडे तळाला. मग पाणी फिरलं. होडीचे तांडेल (नाखवा) म्हणाले, “आता तीनला बघा, तळ वर येईल.” तीनच्या सुमारास ओहोटीची ओढ सर्वांत जास्त झाली आणि गढूळपणा दुपारच्या सहा-सातपट झाला. फ्लुओरेसन्सही चौपट. माझ्यासोबतच्या विद्यार्थिनीने वहीत ‘बहर’ असं लिहिलंसुद्धा.

आम्ही फिल्टर बघितले. बाराचा फिल्टर फिका, पोपटी झाक असलेला. तीनचा जाड, चॉकलेटी, बोटाला रवाळ लागणारा. संध्याकाळी दोन्ही वेळचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. बाराच्या पाण्यात साखळ्या करणारे, पाण्यात तरंगत राहणारे डायटम (काचेसारखं कवच असलेली एकपेशीय सूक्ष्म शैवालं) होते, स्केलेटोनेमासारखे. तीनच्या पाण्यात नावेच्या आकाराचे, चिखलावर सरपटणारे डायटम होते, नाव्हिक्युला आणि निट्झ्शिया. ओहोटीला खाजणाच्या चिखलावर ऊन पडलं की सोनेरी-तपकिरी साय धरलेली दिसते, बोटाने ओढली तर रेघ उमटते. ही साय म्हणजे तेच डायटम. ओढीने चिखल उचलला तेव्हा सायही उचलली गेली. फ्लुओरेसन्स खोटं बोलत नव्हता, क्लोरोफिल खरंच वाढलं होतं. पण ते पाण्यात वाढलेलं प्लवक नव्हतं, तळावरून आलेलं होतं.

गढूळपणा आणि क्लोरोफिल त्या दिवशी एकाच एसटीतून उतरलेले दोन प्रवासी होते. एका गाडीने आले म्हणून ते नातेवाईक ठरत नाहीत. तुमचा ०.८ असाच प्रवाहाने जोडलेला असण्याची शक्यता मला मोठी वाटते, विशेषतः तुमची ठिकाणं उथळ असतील तर. पावसाळ्यात गाडी बदलते. आगोटीनंतर नदी जांभ्या दगडाची लाल बारीक माती घेऊन येते, तिच्यासोबत डायटम येत नाहीत, आणि गढूळपणा वाढत असताना क्लोरोफिल पडतं. पाऊस ओसरला की गाळ बसतो, पोषकद्रव्यं शिल्लक असतात, ऊन खोलवर जातं आणि स्वच्छ होत चाललेल्या पाण्यात प्लवक खरंच फोफावतं. म्हणजे एकाच खाडीत वर्षभरात हे नातं धन, ऋण आणि शून्य अशा तिन्ही तऱ्हांनी दिसू शकतं.

त्या दिवसातली आणखी एक खोच आपल्या किनाऱ्यासाठी फार महत्त्वाची आहे. बाराचा फ्लुओरेसन्स कमी आला तो समुद्राचं कमी प्लवकाचं पाणी आत आलं म्हणून, की डोक्यावरच्या उन्हाने पेशींचा फ्लुओरेसन्स दाबला म्हणून? कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ठिकाणानुसार थोडा फरक पडतो, पण हिशेब चालतो. याचा अर्थ उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती कायम दुपारच्या आसपास येणार आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत दुपारी सुकती असणार. तुम्ही महिन्यातून दोनदा जाता ते अमावस्या-पौर्णिमेला जात असाल, होडीला पाणी मिळावं म्हणून बहुतेक जण तेच करतात, तर भरती आणि ऊन तुमच्या आकड्यांत कायमचे जखडलेले आहेत. कुठल्याही संख्याशास्त्राने ते नंतर सुटणार नाहीत. दोनपैकी एक फेरी अष्टमीच्या आसपास ठेवा. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक बाटली काळ्या कापडात गुंडाळून २०-३० मिनिटं अंधारात ठेवा आणि सेन्सरने पुन्हा वाचा. अंधारात आकडा वर आला तर तेवढा भाग उन्हाने दाबलेला होता. आम्ही त्या दिवशी हे केलं आणि बाराची घट निम्मी-शिम्मी उन्हाची निघाली.

आता वाटणी करायची कशी. तुमच्या महाविद्यालयात साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र) आणि गाळणीचा संच असेल असं धरते.

सगळ्यांत आधी विरघळलेला रंग वेगळा काढा, कारण तो सर्वांत सोपा. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून पाणी गाळा, १० सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक पात्रात) ३५० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत वाचा. शुद्ध पाणी कोरं म्हणून वापरा आणि ६९०-७०० च्या भागाची सरासरी वजा करा. क्युव्हेट १० सेंटिमीटरचं असेल तर आलेल्या आकड्याला २३.०३ ने गुणलं की दर मीटरचं शोषण मिळतं. निळ्याकडून लालकडे जाताना ते उतरत जातं, ढोबळमानाने दर ४०-५० नॅनोमीटरला निम्मं. ४४० चं मूल्य क्षारतेसमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत पडले तर रंग नदीचा आहे आणि समुद्राने नुसता पातळ केला आहे. मधल्या क्षारतेला रेषेच्या वर उसळले तर खाडीतच कुठेतरी भर पडते आहे, बहुधा कांदळवनातून. मला स्वतःला हा आलेख खाडीची कुंडली वाटतो. एवढ्या कमी खर्चात एवढं सांगणारं दुसरं मोजमाप मला माहीत नाही.

मग कण. काचतंतूंच्या फिल्टरवर पाणी गाळा आणि फिल्टरच्या चकतीचंच शोषण वाचा. नंतर त्याच चकतीवर मिथेनॉल ओता, रंगद्रव्यं धुऊन जाऊ द्या, पुन्हा वाचा. किशिनो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सांगितलेली ही पद्धत आहे. पहिल्यातून दुसरं वजा केलं की प्लवकाच्या रंगद्रव्यांचं शोषण उरतं, निळ्यात ४४० जवळ आणि लालमध्ये ६७५ जवळ उंचवटा असलेलं. दुसरं वाचन म्हणजे गाळ आणि मेलेले कण. मिथेनॉल ओतल्यावर हिरवट-तपकिरी चकती डोळ्यांदेखत मातकट राखाडी होते. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी स्वतःच्या हाताने करायला लावते, कारण त्या पाच-दहा मिनिटांत ‘वाटणी’ म्हणजे काय ते कायमचं कळतं. दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. फिल्टरच्या आत प्रकाश अनेकदा उलटसुलट फिरतो, त्यामुळे शोषण फुगलेलं येतं. त्याची दुरुस्ती लावावीच लागते आणि ती स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या रचनेवर अवलंबून असते. आणि निळ्या-हिरव्या जीवाणूंची लाल-निळी रंगद्रव्यं मिथेनॉलमध्ये उतरत नाहीत, ती गाळाच्या खात्यात जमा होतात.

गाळाचं वजन करताना सर्वाधिक घोळ मिठाचा होतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. फिल्टरमध्ये अर्धा मिलिलिटर खारं पाणी राहून वाळलं तर १७ मिलिग्रॅम मीठ झालं, आणि तुमच्या एका लिटरमध्ये गाळच दहा-वीस मिलिग्रॅम असेल! शुद्ध पाण्याने धुवा, फनेल काढल्यावर फिल्टरची कडही धुवा, आणि प्रत्येक फेरीत नुसत्या गाळलेल्या समुद्रपाण्याचे दोन-तीन कोरे फिल्टर त्याच रीतीने चालवा. कोऱ्या फिल्टरचं वजन वाढलेलं दिसलं की तुमचं धुणं कमी पडतंय हे कळतं.

क्लोरोफिल ९० टक्के ॲसिटोनमध्ये, अंधारात, फ्रिजमध्ये, साधारण २४ तास ठेवून काढा. ७५० नॅनोमीटरचं वाचन वजा करायला विसरू नका, ते गढूळपणाचं आहे. आणि आम्ल घालून दुसरं वाचन घ्याच. शुद्ध क्लोरोफिल-ए असेल तर ६६५ नॅनोमीटरचं आधीचं वाचन नंतरच्या सुमारे १.७ पट येतं, सगळं विघटित असेल तर दोन्ही सारखी येतात. तळावरून उचललेल्या द्रावात हे प्रमाण खाली सरकतं, कारण चिखलात मेलेला, कुजलेला माल बराच असतो. तुमच्या ०.८ चं कोडं सोडवायला या एका गुणोत्तराची मदत होईल. त्याच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली दर फेरीत दोन थेंब तरी बघा. जाती ओळखता आल्या नाहीत तरी गोल-साखळीवाले किती आणि नावेसारखे किती एवढं मोजलंत तरी पुरे.

सेक्की तबकडीला कमी लेखू नका. पाद्री आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ती वापरली, आणि आजही तिच्याएवढी जुनी सलग नोंद दुसऱ्या कुठल्या प्रकाश-उपकरणाची नाही. होडीच्या सावलीच्या बाजूने, दहा ते दोनच्या दरम्यान, गॉगल काढून बघा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. तिच्यावरून प्रकाश किती झपाट्याने विझतो ते काढायला १.७ भागिले खोली हे १९२९ चं सूत्र सगळीकडे दिसेल. गढूळ पाण्यात १.४ च्या जवळचा अंक जास्त जमतो. समजा तबकडी अर्ध्या मीटरवर हरवली. तर वरच्या प्रकाशाचा एक टक्का उरतो ती खोली १.७ ने सुमारे १.३५ मीटर येते आणि १.४ ने सुमारे १.६५ मीटर. पाणी पाच मीटर खोल असेल आणि प्रवाह ते तळापर्यंत घुसळत असेल, तर प्लवकाचा दिवसाचा बहुतेक वेळ अंधारात जातो. पावसाळ्यात पोषकद्रव्यं असूनही खाडीत बहर का येत नाही, त्याचं बरंचसं उत्तर या साध्या गणितात आहे. म्हणजे गढूळपणा प्लवकाचं माप नसला तरी प्लवकाच्या जगण्याची अट आहे. तुमच्या प्रबंधात त्याला ही जागा द्या, ती त्याच्या हक्काची आहे.

कधी मोठ्या संस्थेकडून उपकरण उसनं मिळालं तर लाल प्रकाशाचा ट्रान्समिसोमीटर मागा, पाण्यातून जाताना प्रकाश किती क्षीण होतो ते तो मोजतो. लालमध्ये पिवळा रंग जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिथली क्षीणता मुख्यतः कणांची असते. मार्ग १० सेंटिमीटरचा घ्या. २५ सेंटिमीटरचा खाडीत पटकन काळोखा होतो. लेझर विवर्तनाचं उपकरण कणांचे आकार देतं, अडीच मायक्रोमीटरपासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ३२ गटांत, आणि पुंजके न मोडता, हे त्याचं मोठं सुख. पण पावसाळ्यात गोडं पाणी वर आणि खारं खाली असतं तिथे दोन थरांच्या सीमेवर प्रकाश नुसत्या घनतेच्या फरकाने वळतो आणि उपकरण तिथे मोठमोठे कण ‘दाखवतं’. असे कण दिसले तर त्याच खोलीची क्षारता बघा.

आता उपग्रह. तुमचं तिप्पट क्लोरोफिल ही कुणाची चूक नाही, सूत्राची जागा चुकली आहे. नेहमीचं सूत्र निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर चालतं: निळा कमी परत आला म्हणजे क्लोरोफिलने खाल्ला. खुल्या समुद्रात हे बरोबर. खाडीच्या तोंडाशी निळा प्रकाश पिवळा रंग आणि गाळही खातो आणि सगळं क्लोरोफिलच्या नावावर चढतं. दुसरं म्हणजे हवेचा वाटा काढून टाकताना अवरक्तात पाणी काळं आहे असं गृहीत धरतात. गढूळ पाणी तिथे उजळ असतं, मग वजाबाकी जास्त होते आणि निळा आणखी घटतो. तिसरं म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचा (पिक्सेलचा) आकार. आपल्या ओशनसॅट मालिकेतल्या पहिल्या दोन उपग्रहांचा, १९९९ आणि २००९ चा, ठिपका ३६० मीटरचा, युरोपच्या सेंटिनेल-३ चा ३०० मीटरचा. अरुंद खाडीत एका ठिपक्यात पाणी, चिखल आणि कांदळवन तिन्ही येतात. मासेमारीच्या संभाव्य क्षेत्रांच्या सूचनांसाठी हीच चित्रं किनाऱ्यापासून दूर उत्तम काम करतात, त्यामुळे उपग्रहावर राग धरू नका. तुमच्या ठिकाणांपैकी सर्वांत बाहेरचं जे आहे तेवढंच तुलनेला घ्या. सेंटिनेल-३ मध्ये ७०९ नॅनोमीटरच्या जवळ एक पट्टा आहे. ६६५ शी त्याचं गुणोत्तर गढूळ पाण्यात निळ्या-हिरव्यापेक्षा बरं चालतं, मात्र क्लोरोफिल भरपूर असेल तेव्हाच. आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे आपल्याकडे बहुतेक चित्रं रिकामी येतात, म्हणजे गाळाचा सर्वांत महत्त्वाचा काळ तुम्हाला होडीतूनच बघावा लागणार.

एक इशारा मोठ्या प्लवकाबद्दल. फेब्रुवारी ते मे दरम्यान बाहेरच्या पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा पट्टा दिसला तर ते ट्रायकोडेस्मियम, एक निळा-हिरवा जीवाणू, असण्याची शक्यता आहे. त्याच्या पेशीत वायूच्या पोकळ्या असतात, म्हणून तो प्लवक असूनही प्रकाश भरपूर मागे फेकतो. वर सांगितलेला पेशी आणि खनिज यांचा नियम तिथे मोडतो. रात्री लाटा निळ्या उजळवणाऱ्या नॉक्टिल्युका या एकपेशीय प्लवकाची एकेक पेशी अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहून मोठी असते. सेन्सरच्या छोट्या झरोक्यासमोरून ती एकटी जाते तेव्हा आकड्यात टोकदार उसळी येते. आकडे गुळगुळीत करण्याच्या नादात या उसळ्या पुसू नका. उसळ्या मोजून वेगळ्या ठेवा आणि मग मधली पातळी काढा.

तुमच्या जागी मी असते तर पाच ठिकाणांची तीन केली असती, एक आत, एक मध्ये, एक मुखाशी, आणि वाचलेला वेळ बाटल्यांना दिला असता. गढूळपणा आणि क्लोरोफिल एकमेकांसमोर मांडण्याआधी दोघांना वेगवेगळं क्षारतेसमोर आणि भरतीनंतरच्या तासांसमोर मांडा, प्रत्येक ऋतूला वेगळा रंग देऊन. मग फ्लुओरेसन्स भागिले गढूळपणा हे गुणोत्तर काढा. दोन्ही तळावरून उचलले जात असतील तर आकडे कितीही उड्या मारोत, गुणोत्तर जवळपास स्थिर राहील. पाण्यात प्लवक वाढत असेल तर ते चढेल, नदीची माती आली की कोसळेल. तुमचा एकत्र ०.८ या तुकड्यांत कसा फुटतो ते बघा. तुकडे पडल्यावरही तो तसाच राहिला तर मला खरंच आश्चर्य वाटेल आणि मी माझं मत बदलेन.

सुरुवात मात्र १३ तासांच्या एका बैठकीने करा, येत्या पौर्णिमेला किंवा दुसऱ्या दिवशी, आणि शक्य असेल तर आठवड्याने भांगाला पुन्हा. नांगर असा टाका की सुकतीलाही होडी टेकणार नाही, तांडेलांना आधीच विचारून. फिल्टर वेळेच्या क्रमाने पांढऱ्या कागदावर लावून त्यांचा एक फोटो काढा, क्लोरोफिलचे फिल्टर ॲसिटोनमध्ये टाकण्याआधी. पोपटी ते चॉकलेटी असा तो क्रम आणि शेजारी दोन्ही सेन्सरचे आकडे पाठवलेत तर पुढचं बोलायला आपल्याकडे ठोस काही असेल.